पोरगं कशाला भितं?

गार्डमामांच्या पायांचं आधी सांगते, कारण दौंडात सगळ्यांच्या नजरेत आधी तेच भरायचे. चाळिशी उलटलेला माणूस, झुपकेदार मिशा, छातीवर चकचकीत बक्कल, आणि खाली खाकी अर्धी चड्डी. त्या चड्डीतून निघालेले पाय इतके काटकुळे की आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हळूच विचारलं, ह्याला घरी कुणी जेवायला घालतं की नाही? एरवी ते मालगाडीवर गार्ड होते आणि रेल्वेच्या पूर्ण पोशाखात चांगले रुबाबदार दिसायचे. पण ड्यूटी नसलेल्या रविवारी सकाळची उपासना आटोपली की मामा ती चड्डी चढवायचे, गळ्यात स्काउटचा स्कार्फ अडकवायचे आणि सायकल मारत मैदानाकडे निघायचे. वाटेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मामांना ते कळायचं आणि तेही हसायचे.

नाव शमुवेल आढाव. पण मुलं गार्डमामा म्हणायची, म्हणून सगळं गावच म्हणायला लागलं. शिरूरकडच्या एका बोर्डिंगात वाढलेले, आईबाप लहानपणीच गेलेले. एवढंच मला ठाऊक होतं आणि त्याहून जास्त ते एकदा सोडून कधी बोलले नाहीत. मी तशी खोदून खोदून विचारणारी बाई आहे, पण त्यांच्यापुढे माझी मात्रा चालली नाही.

ते पहिल्यांदा आमच्या क्वार्टरवर आले तेव्हा मला वाटलं, ह्यांच्याकडे पार्सलचं काही काम असेल. आमचे हे पार्सल ऑफिसात कारकून होते. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. मामा बाजेच्या कडेला टेकले आणि म्हणाले, काम तुमच्याकडं आहे बाई, स्काउटच्या पथकात या. मी म्हटलं, अहो, मला निऱ्या सावरून धड चालता येत नाही, कवायत कसली करू? तर म्हणाले, कवायत नको, कवायतीला माणसं मिळतात. मला बोलणारं माणूस पाहिजे, आणि तुम्ही लई बोलता असं शाळेत कळलं. मला राग यावा की आनंद व्हावा तेच समजेना.

मग त्यांनी सांगितलं. पथकात मुलगा घ्यायचा तर ते आधी त्याच्या घरी जायचे आणि त्याच्या आईला एकच प्रश्न विचारायचे, पोरगं कशाला भितं? पण परक्या पुरुषापुढं बाई बोलत नाही. ती नवऱ्याला पुढं करते, आणि नवरा मिशीवर हात फिरवून सांगतो, आमचा पोऱ्या वाघ आहे. "बापाला पोराची इयत्ता धड सांगता येत न्हाई बाई, त्यो भीती काय सांगणार?" असं म्हणून मामा माझ्या सासूबाईंकडे वळले आणि विचारलं, आजी, तुमची सून कशाला भिते? सासूबाई म्हणाल्या, ती कशाला भिते ठाऊक नाही, पण तिला घरातले सगळे भितात. झालं. मला परवानगी मिळाली ती अशी.

आणे जाऊन नवे पैसे नुकतेच आले होते त्या वेळची ही गोष्ट. शनिवारी शाळा सुटली की मी आणि मामा घरोघर जायचो. रेल्वेच्या चाळी, बाजारपेठ, गावाबाहेरच्या वस्त्या. ते सायकल हातात धरून चालायचे आणि मी बोलत चालायचे. दाराशी पोचलो की ते ओट्यावर किंवा बाभळीखाली बसायचे आणि मी आत चुलीपाशी. त्यांचा एक दंडक होता, उत्तर मिळेपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा नाही. मला हे फार विचित्र वाटायचं, उन्हातून गेल्यावर घशाला कोरड पडलेली असायची. ते म्हणायचे, चहा दिला की ती यजमानीण होते आणि पाहुण्याला बरं वाटेल तेच बोलते. उत्तर मिळालं की मात्र बशीमागून बशी ओतून प्यायचे आणि मिशा पुसत चहाची तारीफ करायचे.

पहिल्याच घरी मी पिशवीतून वही काढली. मास्तरीण ना मी. बाहेर आल्यावर त्यांनी ती परत पिशवीत ठेवायला लावली. पोराची भीती कागदावर नको, म्हणाले, कागद कुणाच्याबी हाती लागतो. मग आम्ही ते सगळं डोक्यातच ठेवायचो.

काय काय ऐकलं मी त्या चुलींपाशी! कुणी बँडच्या आवाजाला भ्यायचा, कुणी कोंबड्याला. एका पैलवानाचा मुलगा गोगलगाय दिसली की ओरडत सुटायचा, आणि ही गोष्ट बापाला कळू देऊ नका म्हणून त्याच्या आईनं माझे हात धरले होते. कुणी बाप घरी यायच्या वेळेला भ्यायचा. एक बाई म्हणाली, मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं, आठ दिवसांनी या, मी बघून सांगते. आम्ही आठ दिवसांनी पुन्हा गेलो. मामांना त्या बाईचं फार कौतुक वाटलं होतं.

मला आधी वाटायचं, हा गृहस्थ भीती शोधून काढतो म्हणजे पुढं ती घालवणार. अंधाराला भिणाऱ्याला अंधारात उभं करणार, पाण्याला भिणाऱ्याला विहिरीत ढकलणार. त्या काळी मुलांना धीट करायची हीच रीत होती, माझ्या वडिलांनीही मला तसंच पोहायला शिकवलं. मी तसं बोलून दाखवलं तर मामा थांबलेच. म्हणाले, "भीती उतरवायला मी काय भगत हाय? आपला पाय चुकून तिच्यावर पडू नये, एवढंच बघायचं."

ते कसं बघायचं ते मी पाटसला शिकले. तिथल्या शाळेत आमचा मुक्काम होता. एका मुलाच्या आईनं मला कानात सांगितलं होतं की अजून त्याचं अंथरूण ओलं होतं आणि इतर मुलांना कळलं तर तो जीव देईल. मी ते मामांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं उठून डोळे चोळत होती, तेवढ्यात मामा पाण्याचं घंगाळ घेऊन आले आणि पायरीला अडखळून असे काही धडपडले की सगळ्या सतरंज्या चिंब. मुलं हसून हसून लोळली. मामांनी स्वतःलाच मोठ्यानं शिव्या घातल्या, गाढवा, डोळे फुटले का तुझे? मग सगळ्यांनी मिळून झाडून सारी अंथरुणं कुंपणावर वाळत घातली. मला आधी खरंच वाटलं की पडले. नंतर त्यांचा सोललेला गुडघा बांधताना मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

मामांचे नियम पुष्कळ होते आणि सगळे रेल्वेचे. ब्रेक आधी बघायचा, गाडी नंतर. मुलांची रांग निघाली की ते कायम शेवटी, पुढं बघायला ड्रायव्हर आहे म्हणायचे. आणि सगळ्यात मोठा नियम, कुठलाही मोठा माणूस कुठल्याही एका मुलाबरोबर एकटा राहणार नाही. खोलीत नाही, तंबूत नाही, नदीवर नाही. एकदा एका मुलाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. मामा सुई घेऊन बसले, पण मला हाक मारून शेजारी बसवलं आणि मगच काट्याला हात लावला. मी चेष्टा केली, काटा काढायलाही आता पंचायत भरवायची का? ते म्हणाले, जो नियम मलाच लागू नाही तो मी दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू? तेव्हा मला तो अतिरेक वाटला होता.

आमच्या पथकाला नानासाहेबांचा मोठा आधार होता. बाजारपेठेतले बडे व्यापारी. मैदान त्यांचं, तंबू त्यांचे, शिबिराला जायची मोटार त्यांची. त्यांचा पुतण्या दिनकर कॉलेजात शिकून आलेला, गोरापान, बोलायला गोड, बिगुल असा वाजवायचा की रस्त्यातली माणसं थांबायची. कवायत तोच घ्यायचा. मुलांना खिशातून लिमलेटच्या गोळ्या द्यायचा. माझं स्वतःचं मत विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सगळ्या पथकात हा एकच माणूस स्काउटसारखा दिसतो.

त्या वर्षी शिबीर मांडवगण फराट्याला ठरलं, म्हणून आम्ही पुन्हा घरोघर निघालो. शिबिराआधी मामा सगळ्या आयांना नव्यानं विचारायचे, पोरांची भीती बदलते म्हणायचे. गावाबाहेर मेंढरं सोडून शेतीला लागलेल्या धनगरांची वस्ती होती. तिथल्या ठकूबाईंचा म्हाळू आमच्याकडे वर्षभर येत होता. ठकूबाई कधी समोर यायच्या नाहीत. मामा बाभळीखाली, मी उंबऱ्यावर, आणि त्या दाराआड. बांगड्या तेवढ्या ऐकू यायच्या. मी नेहमीसारखं विचारलं. मग आतून आवाज आला, शिबिराला त्यो बिगुलवाला येनार हाय का?

मी म्हटलं, येणार की.

"मग न्हाई धाडायचा मी."

मी आत गेले. दार ओढून घेतलं आणि त्यांच्यापाशी बसले. त्या तुकड्या तुकड्यानं बोलल्या. मामा ड्यूटीवर असले की कवायतीनंतर तो म्हाळूला एकट्याला मैदानामागच्या सामानाच्या खोलीत बोलावतो, बिगुल शिकवतो म्हणतो आणि दाराला कडी घालतो. पोरगं आता मैदानावरनं शाळेला जात नाही, गावाला वळसा घालून जातं. जेवताना ताट तसंच ठेवतं. काय झालं विचारलं तर बोलत नाही, अंग चोरून बसतं. "आंगाला हात लावतो म्हनं, बाई. येवढंच म्हनला. आन् कुनाला सांगू नगं म्हनून माझ्या पायावर पडला." त्या गोष्टीला तेव्हा आम्हा बायकांकडे नाव नव्हतं. पण कळलं मला.

परतताना वाटेत मी मामांना सगळं सांगितलं. ते थांबले. सायकल बांधाला टेकवली आणि रुमालानं तोंड पुसत राहिले, पुसतच राहिले. मग मी माझी शिकलेली अक्कल पाजळली. म्हटलं, मामा, पण पुरावा काय? पोराचा गैरसमज झाला असला तर? चांगल्या घरचा मुलगा आहे, त्याचं नाव जायचं.

ते म्हणाले, "लाल झेंडी दिसली की गाडी थांबवायची, बाई. का दाखवली ते मागनं विचारत्यात. आधी विचारत बसलं तर विचारायला कुणी उरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी दिनकरला गाठून सांगितलं की आजपासून पथकात यायचं नाही, आणि मागच्या खोलीला स्वतःच्या पैशानं आणलेलं कुलूप ठोकलं. संध्याकाळी नानासाहेबांचं बोलावणं आलं. मीही गेले. पेढीवर चार मातब्बर माणसं तक्क्याला टेकून बसली होती. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. नानासाहेब आधी गोडीनं बोलले, मग चढ्या आवाजात. कारण सांगा. मामा म्हणाले, त्यांनी पोरांत राहू नये असं माझं मत आहे. तक्रार कुणाची? माझी. कुणी काही सांगितलं का? मी सांगतोय. त्यापुढं त्यांनी अवाक्षर काढलं नाही. नानासाहेबांनी शेवटी सांगून टाकलं, पुतण्या नाही तर मैदान नाही, तंबू नाहीत, मोटार नाही.

आठवड्याच्या आत गावात उठलं की गार्ड किरिस्ताव आहे, पोरं बाटवायचा त्याचा डाव आहे, दिनकररावांना ते कळलं म्हणून त्यांना काढलं. ज्यांच्या घरी मामांनी बशीनं चहा प्यायला होता ते पुरुष तोंड फिरवून जायला लागले. मुलं यायची बंद झाली. सासूबाईंनी मला बजावलं की आता हे पुरे. आणि माझ्या मनात सारखं एकच, एक नाव सांगितलं की हे सगळं आत्ता मिटतं. एक दिवस मी चिडून मामांना तसं म्हटलंही. तुमची अब्रू चालली, पथक चाललं, त्या बाईला पुढं आणा की. गावाला कळू दे.

मामांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही, तेव्हाही नाही चढला. म्हणाले, "तिनं दाराआडनं सांगितलंय. ते दार आपुन उघडायचं न्हाई. पोराला ह्याच गावात मोठं व्हायचंय." सायकल हातात घेत म्हणाले, बोर्डिंगातली माणसं चांगली होती, बाई, जेवण वेळेवर मिळायचं. पण मी कशाला भितो ते मला कुणी विचारलं नव्हतं. मग सायकलवर बसले आणि ड्यूटीला गेले. मी घरी येऊन तोंडात पदर कोंबून रडले.

शिबिराची तारीख मामांनी बदलली नाही. मला वाटलं होतं, आम्ही दोघं आणि कोंबड्याला भिणारा तो एक मुलगा, असं आमचं शिबीर होणार. एस.टी. स्टँडवर जाऊन उभी राहिले तर पैलवानाची बायको मुलाला घेऊन आली होती. मागोमाग पाटसच्या मुक्कामातल्या त्या मुलाची आई. मग आणखी, मग आणखी. पुरुष एकही नव्हता. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, कुणी मला काही विचारलंही नाही. बायकांना काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. नवऱ्याला काय सांगून आलीस म्हणून मी एकीला विचारलं तर म्हणाली, मामाच्या गावाला धाडते म्हणून सांगितलं, त्यात खोटं काय? आणि सगळ्यात शेवटी, पदर नाकापर्यंत ओढलेल्या ठकूबाई, म्हाळूचा दंड घट्ट धरून. मामांकडे न बघता त्यांनी म्हाळूला माझ्यापुढं ढकललं आणि वस्तीच्या वाटेला लागल्या.

तंबू नव्हतेच. मांडवगणच्या शेतकऱ्यांनी उसाचं पाचट दिलं, त्याची खोपटं केली. आडवीतिडवी, वाऱ्यानं कलंडलेली, पण मुलांनी स्वतः बांधलेली. बिगुल नव्हता म्हणून मामा थाळी वाजवायचे. म्हाळू पहिले दोन दिवस माझ्या पाठीमागं होता. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापताना वर पाहिलं, तर तो नदीच्या उथळ पाण्यात सगळ्यांबरोबर ओरडत होता आणि काठावर मामा आपले काटकुळे पाय पाण्यात सोडून बसले होते. तेव्हा मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. आता वाटतं, पडायला हवं होतं.

दिनकर पुढं पुण्यात एका मुलांच्या वसतिगृहात नोकरीला लागल्याचं कानावर आलं. मी म्हटलं, सुटलो. मामा म्हणाले, आपल्या यार्डातला डबा दुसऱ्याच्या यार्डात ढकलला म्हणजे काम झालं नाही. रजा काढून गेले, तिथल्या मुख्याला तोंडावर सांगून आले. त्या मुख्यानं त्यांचं काही मानलं नाही म्हणे. मग पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या मुख्याच्या बायकोशी बोलून आले, आणि त्या महिन्यात दिनकरची नोकरी सुटली. त्याच्यापुढचं मला ठाऊक नाही, खोटं कशाला सांगू?

मामांनंतर मी निवृत्त होईपर्यंत ते पथक चालवलं. जे काही चांगलं केलं असेल ते ह्या माणसाकडून उसनं घेतलेलं आहे, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

त्यांची बदली झाली तेव्हा भर दुपारी अर्धं दौंड स्टेशनवर लोटलं होतं. तोंड फिरवणारे पुरुषही हार घेऊन आले होते, आणि मामा तो हार घालून घेत होते, मला ते जमलं नसतं. गाडी लागली. मामा त्या दिवशी उतारू म्हणून मधल्या डब्यात बसले आणि खिडकीतून हात जोडत राहिले. एवढ्यात गर्दी बाजूला झाली. ठकूबाई. कडेवर धाकटा पोरगा. इतक्या वर्षांत मामांशी एक शब्द न बोललेली ती बाई सरळ खिडकीपाशी गेली आणि पदर थोडा मागं सारून म्हणाली,

"मामा, तुमी चालला. आता न्हाई म्हनायचं झालं तर म्या कुनाला म्हनू?"

मामांचे डोळे भरले होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

ठकूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं, बाजारात शेळी बघतात तसं. मग मामांनाच विचारलं, "ह्या ऐकत्याल का?"

"त्यास्नीच इचारा," मामा म्हणाले.

मी म्हटलं, ऐकीन. शिट्टी झाली, डबे हलले. ठकूबाईंनी धाकट्याला कडेवर वर सरकवलं आणि तिथल्या तिथं मला सुनावलं, "मग आयका. ह्याला औंदा न्हाई धाडायचा मी. अजून ल्हान हाय."

मी म्हटलं, "बरं."

आणि गाडी पुढं सरकत होती तसे गार्डमामा खिडकीबाहेर अर्धे वाकून, मिशांवरून डोळ्यातलं पाणी ओघळत असताना, खदखदून हसत होते.